तेच ते दळण: मुलांच्या डोक्यात थांबत नसलेले विचार, चिंता आणि नैराश्य

लोकमान्यनगरची_मावशी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. वीस-बावीस वर्षं घरी अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. माझी भाची बुऱ्हाणपूरहून इथे शिकायला आली, बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याकडेच राहते. हुशार, गप्पिष्ट, घरात असली की घर भरल्यासारखं वाटावं अशी मुलगी.

सप्टेंबरात तिची एक तोंडी परीक्षा झाली. तिसऱ्या प्रश्नाला ती अडखळली आणि परीक्षकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "इतकंही येत नाही, मग इथपर्यंत आलीस कशी?" गुण काही वाईट पडले नाहीत. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. मेथी निवडता निवडता हात थांबतो. ताटात घास तसाच राहतो. रात्री दीड वाजता खोलीत दिवा दिसतो म्हणून डोकावलं तर म्हणते, "मावशी, मी फक्त विचार करतेय. नेमकं काय चुकलं ते एकदा कळलं की झोपेन."

दोन महिने झाले, ते काही कळलेलं नाही. उलट त्या एका प्रश्नातून दहा प्रश्न निघाले. मी मुळात हुशार नव्हतेच का? बारावीचे गुण नशिबानं मिळाले का? प्लेसमेंटला असंच झालं तर? बाबांनी काढलेलं कर्ज वाया गेलं तर?

मी काय केलं तेही सांगते. "अगं सोड ना, विचार करू नकोस" हे दिवसातून दहादा म्हणाले. मग समजूत घातली की सर केव्हाच विसरले असतील. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं, तासाभरानं तोच प्रश्न परत. आता तर मला उत्तर पाठ झालंय आणि तिला प्रश्न.

आमची आजी रिकामं जातं फिरवू द्यायची नाही. दाणा नसला की दगड दगडाला खातो, म्हणायची. हिच्याकडे बघून रोज ते आठवतं. शिकवणीला येणाऱ्या मुलांतही दरवर्षी दोन-तीन अशी असतात, चुकलेलं एक गणित आठ आठ दिवस सांगत राहणारी. त्यांना मी आजवर 'मनाला लावून घेणारी, अभ्यासू' म्हणत आले. आता वाटतं, मी चुकीचं तर समजत नव्हते?

हा नुसता स्वभाव आहे की यातून पुढे काही वाढून बसतं? आणि घरच्यांनी करायचं तरी काय? ज्यांना अनुभव आहे किंवा माहिती आहे त्यांनी मोकळेपणानं लिहा.

---

सुदामानगर_डी_सेक्टर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ताई, आमच्याकडे हेच चाललंय. मुलगा नीटची दुसरी खेप देतोय. बोलत नाही, पण अंघोळीला गेला की अर्धा अर्धा तास नळ चालू. विचारलं तर "काही नाही". वाचते आहे.

---

रेसिडेन्सीतली_झाडं | १० नोव्हेंबर, दुपारी २:३०

मावशी, माझं माहेर इंदूर. मानसशास्त्रात एम.ए. केलं, आता ठाण्याला एका कॉलेजात समुपदेशक आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

गाय चारा गिळते, मग निवांत बसून तोच पुन्हा तोंडात आणून चघळते. त्याला आपण रवंथ म्हणतो. इंग्रजीत या विचारांना जो शब्द आहे, 'रुमिनेशन', तोही गायीच्या रवंथावरूनच आलेला. फरक इतकाच की गायीला रवंथ केल्यानं चारा पचतो. माणसाचं उलट होतं.

सुझन नोलन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या एका अभ्यासाची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. १९८९ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मन उदास असताना तुम्ही काय करता, उठून कशात तरी लागता की 'मला असं का वाटतंय' यावर विचार करत बसता, अशा धर्तीच्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, त्या भागात मोठा भूकंप झाला. मग त्याच १३७ मुलांना भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी तपासलं. ज्यांना आधीपासून विचार उगाळायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त निघाली. त्यांचं मन भूकंपाआधी कितपत उदास होतं, हे हिशेबात धरूनही. म्हणजे संकट सगळ्यांवर सारखं आलं, पण ते मनात किती दिवस मुक्काम करणार हे या सवयीवरही ठरलं.

आता चिंता. वरवर पाहता दोन्ही वेगळ्या. उगाळणं बहुतेक मागचं असतं: असं का झालं, मीच का. चिंता पुढची: असं झालं तर. पण तुमच्या भाचीचे प्रश्न पुन्हा वाचा. "हुशार नव्हतेच का" हा मागचा आणि "प्लेसमेंटला असंच झालं तर" हा पुढचा. दोन्ही एकाच दमात येतात. विषय वेगळा, चाल एकच: तोच तोच, नकारात्मक, थांबवता न येणारा विचार. टॉमस एरिंग आणि एडवर्ड वॉटकिन्स यांनी २००८ मध्ये हेच मांडलं की ही चाल एका आजाराची नाही. नैराश्यात दिसते, चिंताविकारात दिसते, इतरही त्रासांत दिसते. म्हणून तर चिंता आणि नैराश्य पुष्कळदा एकाच मुलात हातात हात घालून येतात.

यातून नुकसान कसं होतं ते सांगते. मन उदास असलं की आठवणीही तशाच हाताशी येतात. भाचीला त्या रात्री दीड वाजता शाळेतलं बक्षीस आठवणार नाही, पाचवीत फळ्यापाशी अडखळली होती तेच आठवेल. त्या आठवणीनं मन आणखी खाली जातं, मग आणखी तशाच आठवणी. त्यात झोप जाते. झोप गेली की दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही आणि "बघ, मला जमतच नाही" याला नवा पुरावा तयार. आपल्याकडे म्हणतात ना, कोळसा उगाळावा तितका काळाच.

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी नीट वाचावं. "काय चुकलं ते एकदा कळलं की झोपेन." उगाळणाऱ्या मुलाला आपण वेळ घालवतोय असं वाटतच नाही. त्याला वाटतं, मी प्रश्न सोडवतोय. थांबलो तर निष्काळजी ठरेन. अभ्यासू मुलांना ही सवय जास्त चिकटते असं माझ्या कामात मला वारंवार दिसतं, कारण त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की उत्तर येत नसेल तर आणखी विचार कर. गणिताला ते लागू पडतं. "मी अशी का" याला नाही.

---

महू_निवृत्त | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

मी सैन्यातून निवृत्त, वय ७१. वरचं सगळं दोनदा वाचलं. माझा एक प्रामाणिक प्रश्न आहे, वाद घालायचा म्हणून नाही. आम्हाला शिकवलं गेलं की चूक झाली तर बसून विचार कर, स्वतःला तपास. प्रत्येक सरावानंतर आम्ही हेच करायचो आणि त्यानं माणसं सुधारली, जीव वाचले. मग आत्मपरीक्षण केव्हापासून रोग झाला? मुलांनी चुकीचा विचारच करायचा नाही का?

---

रेसिडेन्सीतली_झाडं | १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

काका, फार योग्य जागी बोट ठेवलंत. याच प्रश्नावर संशोधकांनाही पुन्हा विचार करावा लागला. २००३ मध्ये नोलन-होक्सेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपलीच जुनी प्रश्नावली उसवून पाहिली आणि त्यात दोन वेगळे धागे निघाले. एक कुढणं: हे माझ्याच वाट्याला का, इतरांसारखं मला का जमत नाही. दुसरं म्हणजे शांतपणे बसून काय झालं ते समजून घेणं. वर्षभरानं पाहिलं तर कुढणाऱ्यांचं नैराश्य वाढलेलं होतं. समजून घेणाऱ्यांना त्या वेळी त्रास होता, पण पुढे तो कमी झाला होता.

तुम्ही सैन्यात जे करायचा ते दुसऱ्या प्रकारातलं. आठवून पहा, तुम्ही कधी "आपण असे नालायक का" यावर बैठक घेतली नसेल. किती वाजता निघालो, कुठे थांबलो, कोणाचा निरोप कोणाला पोचला नाही, पुढच्या वेळी निरोप कोण देईल, असंच बोलणं झालं असेल. त्याला सुरुवात होती, शेवट होता, आणि शेवटी काहीतरी ठरत होतं.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले वॉटकिन्स यांनी नेमकं हेच तपासलं. नैराश्यातल्या माणसांना स्वतःबद्दलच विचार करायला लावला, पण दोन पद्धतींनी. एका गटाला 'का, याचा अर्थ काय' असा हवेतला विचार. दुसऱ्याला 'काय झालं, कसं झालं, क्षणाक्षणाला काय वाटलं' असा जमिनीवरचा. दुसऱ्या पद्धतीनं विचार केल्यावर त्यांना अडचणीतून वाट काढणं जास्त जमलं. विचार थांबवला नव्हता, त्याचा सांधा बदलला होता.

म्हणून मावशी, भाचीला "विचार करू नकोस" म्हणू नका. ते कोणालाच जमत नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर ते अस्वल, पहिल्यापासून मोकळीक असलेल्या मुलांपेक्षाही, जास्त वेळा आलं.

तिच्यासोबत एकदाच कागद घेऊन बसा. "मी का अडखळले" असं लिहू नका. तिसरा प्रश्न शब्दशः काय होता? तो ऐकल्यावर पहिलं काय आठवलं? कोणता शब्द सापडला नाही? पुढच्या तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणायचं? एवढंच. मग कागद घडी करून ठेवून द्या.

---

महू_निवृत्त | १० नोव्हेंबर, रात्री ९:३५

समजलं. आमच्या बैठकीला वेळ ठरलेली असायची आणि ती संपायची. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. आभार.

---

भंवरकुआं_रूम_७ | ११ नोव्हेंबर, रात्री १२:५०

मी हे वाचून जागाच राहिलो. मी मूळचा खरगोनचा, तीन वर्षांपासून भंवरकुआंला खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करून राहिलो आहे. वरचे ताईंचे शब्द म्हणजे माझ्या खोलीतला आवाज आहे.

आमच्याकडे पेपर झाला की तो संपत नाही, तेव्हा सुरू होतो. संध्याकाळी चहाच्या ठेल्यावर पाच-सहा जण जमतो. हा प्रश्न तू काय केला, तो पर्याय चूक कसा, कट-ऑफ किती लागेल. मग उत्तरतालिका आली की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. एकाच पेपरचे गुण मी अकरा वेळा मोजले आहेत. दर वेळी एक-दोन गुणांनी वेगळे आले आणि दर वेळी रात्र गेली. ग्रुपवर रात्री तीनला कोणी "माझं यंदाही नाही होणार" लिहितं आणि लगेच चार जण "माझंही नाही". तेव्हा बरं वाटतं की मी एकटा नाही. सकाळी उठवत नाही.

घरी फोन केला तर आई विचारते, "कसा आहेस?" मी म्हणतो, "मस्त." वडिलांनी शेतीतून काढून दर महिन्याला पैसे पाठवायचे आणि मी त्यांना सांगायचं की मी भिंतीकडे बघत बसतो?

माझे मित्र चांगले आहेत. त्यांना सोडायचं का? तेवढंच तर आहे माझ्याकडे.

---

रेसिडेन्सीतली_झाडं | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

दादा, मित्र मुळीच सोडू नकोस. तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे.

तू जे ठेल्यावरचं सांगितलंस त्याचा अभ्यास झालेला आहे. २००२ मध्ये अमांडा रोज यांनी शाळकरी मुलांच्या मैत्रीत हे पाहिलं: दोघं मिळून एकाच अडचणीबद्दल पुन्हा पुन्हा, वाईटावरच बोट ठेवून बोलत राहणं. अशी मैत्री जास्त जवळची असते. आणि त्याच मुलांमध्ये चिंता आणि उदासीही जास्त असते. दोन्ही खरं आहे. म्हणूनच यातून बाहेर पडणं अवघड, कारण ज्यानं त्रास होतो त्यातच माया आहे.

मैत्री तशीच ठेवून बोलण्याला कुंपण घालता येतं. पेपरच्या संध्याकाळी तासभर हवं ते बोला. दुसऱ्या दिवसापासून त्या पेपरचा विषय बंद, असं सगळ्यांनी मिळून ठरवा. ठेल्यावर जाऊच नका असं नाही. पोहे खा, क्रिकेटवर बोला, सगळे मिळून पिपल्यापाल्याच्या बागेत चक्कर मारा. ग्रुप रात्री अकरानंतर म्यूट. गुण मोजायचे तर एकदा, दिवसा, कागदावर, आणि आकडा लिहून कागद मित्राकडे द्यायचा.

एक विचारते, रागावू नकोस. भिंतीकडे बघत बसणं किती दिवसांपासून आहे? दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन उदास असेल किंवा कशातच रस उरला नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नुसतं टेन्शन समजू नये. डॉक्टरांना दाखवावं. आणि मनात जगू नये असा विचार येत असेल तर आजच, आत्ताच १४४१६ ला फोन कर. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत. हिंदीत बोल, मराठीत बोल, दोन्ही चालतं.

---

भंवरकुआं_रूम_७ | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

जगू नये असं नाही, ताई. पण दोन आठवड्यांहून जास्त नक्कीच झाले. खरं सांगायचं तर दिवाळीच्या आधीपासून.

---

कारेलीबाग_बडोदे | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

मी बडोद्याहून लिहिते आहे. धागा वाचताना दोनदा उठून पाणी प्यायले.

माझा मुलगा असाच "विचार करणारा" होता. आम्ही सगळं करून पाहिलं. वही लिही, फिरायला जा, ध्यान कर. आठ महिने गेले. तो उठेनासा झाला. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, औषध सुरू झालं, सोबत थेरपी. साधारण दीड महिन्यानं एका सकाळी त्यानं स्वतःहून विचारलं, "आई, नाश्त्याला काय आहे?" तो प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, सवयी बदलायच्या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यांच्या भरवशावर आमच्यासारखे आठ महिने घालवू नका. त्याचं डोकं इतकं जड झालं होतं की प्रश्नाचा सांधा बदलायलाही ताकद लागते, तीच त्याच्याकडे नव्हती.

आणि दुसरं. सगळा भार मुलांच्या विचारांवर टाकू नका. भाचीच्या डोक्यात जे वाक्य फिरतंय ते तिनं निर्माण केलेलं नाही. एका मोठ्या माणसानं ते तिला सगळ्यांसमोर ऐकवलं. कर्ज खरं आहे. जागा थोड्या आणि मुलं लाखो, हेही खरं आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलं. मुलांचा चारचौघांत अपमान करू नये असंही त्यात आहे. मावशी, भाचीच्या कॉलेजात समुपदेशक कोण आहे, कुठे बसतात, हे जरूर विचारा. पालकांनी विचारल्याशिवाय या गोष्टी कागदावरच राहतात.

---

रेसिडेन्सीतली_झाडं | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

कारेलीबाग ताई, तुमचा प्रत्येक शब्द मान्य. माझ्या आधीच्या लिहिण्यात परिस्थितीची बाजू राहून गेली, ती तुम्ही मांडलीत. उगाळण्यानं नैराश्य वाढतं आणि नैराश्यानं उगाळणं वाढतं, दोन्ही दिशांनी चालतं. फार खाली गेलेल्या मुलाला आधी डॉक्टर.

पण लवकर हात घातला तर पुष्कळ वाचवता येतं, हेही सांगते. नेदरलँड्समध्ये १५ ते २२ वयाची २५१ मुलं घेतली, चिंता करण्याची आणि उगाळण्याची सवय जास्त असलेली. त्यांना फक्त त्या सवयीवर सहा आठवडे शिकवलं, काहींना गटात तर काहींना इंटरनेटवरून. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरात ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं त्यांच्यात नैराश्य शंभरात साधारण ३२ जणांना, शिकवलेल्यांत साधारण १५ जणांना. चिंताविकारही असाच कमी. हे वाचल्यापासून मी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांशी याच विषयावर आधी बोलते.

---

अप्पा_रामबाग | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

शास्त्र मला कळत नाही. पत्नी गेल्यावर माझं डोकं असंच फिरायचं, तिला दवाखान्यात एक दिवस आधी नेलं असतं तर. वर्षभर तेच. संध्याकाळी दिवा लावून मोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागलो. मोठ्यानं म्हणताना तेच तोंड 'नेलं असतं तर' म्हणू शकत नाही, एवढं मला समजलं. मुलांना देवाचं नको असेल तर पाढे म्हणा, गाणं म्हणा, पण आवाज काढून म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की मागून तो दुसरा आवाज येतो.

---

रेसिडेन्सीतली_झाडं | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:००

अप्पा, नमस्कार. तुमचा अनुभव मी जपून ठेवते. चिंता ही चित्रांपेक्षा शब्दांतच जास्त चालते, असं अमेरिकेतले संशोधक टॉमस बोर्कोवेक यांनी दाखवलं होतं. तुमच्या सांगण्याशी ते जुळतं.

त्यांचीच एक रीत मावशींसाठी. १९८३ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांवर ती करून पाहिली. चिंतेला रोज एक वेळ आणि एक जागा नेमून द्यायची, अर्धा तास. दिवसभरात विचार आला की तो टिपून ठेवायचा, "संध्याकाळी बघू" म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरलेल्या वेळी त्या जागी बसून मनसोक्त चिंता करायची. झोपायची खोली किंवा अंथरूण ही जागा नको. आणि झोपायच्या वेळेच्या जवळही नको. तिनं दिवसा तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तुम्हीही उत्तर देऊ नका. प्रेमानं इतकंच म्हणा, "लिहून ठेव, संध्याकाळी बोलू." वारंवार समजूत घालणं हाही त्या जात्यात टाकलेला घास असतो.

---

लोकमान्यनगरची_मावशी | ६ डिसेंबर, रात्री ९:२०

मंडळी, उशिरा लिहिते आहे, पण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कागद घेऊन बसलो त्या दिवशी भाची आधी रडली. मग तिसरा प्रश्न तिनं शब्दशः लिहिला. लिहिल्यावर बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला उत्तर येत होतं. त्यांनी प्रश्न फिरवून विचारला, मला तो प्रश्नच कळला नाही." दोन महिने ती उत्तर का आलं नाही ते शोधत होती. पुढच्या वेळचं वाक्य तिनंच ठरवलं: "सर, प्रश्न पुन्हा एकदा सांगाल का?" एवढंच. आम्ही तो कागद लोणच्याच्या बरण्यांच्या फडताळात ठेवला आहे.

चिंतेची वेळ संध्याकाळी सहा ते साडेसहा, जागा व्हरांड्यातला झोपाळा. पहिले चार-पाच दिवस मला फार जड गेले. ती विचारायची आणि मला उत्तर न देता राहावत नव्हतं, आपलं माणूस कासावीस होताना बघवत नाही. पण "लिहून ठेव" म्हणत राहिले. वहीत एका दिवशी चौदा ओळी होत्या. संध्याकाळी वाचताना त्यातल्या नऊंवर तिनं स्वतःच रेघ मारली, सकाळी लिहिलेलं सहा वाजता शिळं झालं होतं. उरलेल्या पाचांतली एक कर्जाची होती. ती खरी होती. त्यावर आम्ही तिच्या बाबांना फोन लावला, हप्ता कधीपासून, किती, सगळं तिनं स्वतः विचारून लिहून घेतलं. आकडा कळल्यावर तो विचार पुष्कळ कमी झाला. "कर्ज वाया गेलं तर" याला काही टोक नव्हतं, हप्त्याला तारीख आहे.

रविवारी आम्ही दोघी सिरपूर तलावावर जातो. थंडीतले पाहुणे पक्षी आलेत. कुठेतरी वाचलं होतं की २०१५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ३८ जणांपैकी अर्ध्यांना झाडाझुडपांतून आणि अर्ध्यांना वाहत्या रस्त्याच्या कडेनं दीड तास चालवलं, आणि झाडांतून चाललेल्यांचं उगाळणं कमी झालं. आम्ही दीड तास मोजत नाही. ती पक्षी मोजते.

रात्र मात्र अजून अवघड आहे. अकराला झोपते, पण आठवड्यातून दोनदा तरी तीनला जाग येते. अप्पांचं वाचून दाखवलं, तर आता तीनला उठून हलक्या आवाजात सतराचा पाढा म्हणते. मला भिंतीपलीकडून ऐकू येतो. कारेलीबाग ताई, तुमचं वाचून मी वाट बघत बसले नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सध्या औषधाची गरज नाही म्हटलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलंय. कॉलेजात विचारलं, समुपदेशक आहेत, भाचीला वर्षभरात कोणी सांगितलेलं नव्हतं.

शिकवणीतही एक बदल केला. पेपर वाटले की मी पूर्वी म्हणायचे, "का चुकलं याचा विचार करून या." आता म्हणते, "कोणत्या ओळीत चुकलं त्या ओळीखाली रेघ मारून आणा." बावीस वर्षं मीच मुलांना 'का' देत आले होते, याचं वाईट वाटतं.

रूम सातवाल्या दादा, तू कसा आहेस? रोज तुझी आठवण येते.

---

सुदामानगर_डी_सेक्टर | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

झोपाळ्याची कल्पना मुलाला सांगितली. झोपाळा नाही, गच्ची म्हणाला. आज तिसरा दिवस. नळ लवकर बंद झाला.

---

भंवरकुआं_रूम_७ | ७ डिसेंबर, दुपारी १:४०

मावशी, मी गावी आलो आहे. त्या दिवशी १४४१६ ला फोन केला होता. पंचवीस मिनिटं बोललो, त्यांनीच डॉक्टरांकडे जायला सांगितलं. औषध सुरू आहे, तीन आठवडे होत आले. झोप आली आहे, बाकी हळूहळू येईल म्हणाले डॉक्टर.

वडिलांना सांगितलं. शेतात पाणी देता देता सांगितलं, समोरासमोर बसून जमलं नसतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या वाफ्याचं दार उघड, पाणी पुढे गेलं पाहिजे." संध्याकाळी मात्र आईला सांगून माझ्यासाठी दाल-बाफले करायला लावले.

जानेवारीत इंदूरला परत येणार आहे. ठेल्यावरच्या सगळ्यांना कळवलंय की पेपरचा विषय एकच संध्याकाळ. दोघांनी हो म्हटलं, एक जण चिडलाय. मावशी, तुमची हरकत नसेल तर एक दिवस सिरपूरला मीही येईन.

---

लोकमान्यनगरची_मावशी | ७ डिसेंबर, दुपारी २:०५

ये रे बाळा. सकाळी साडेसातला निघतो आम्ही, घरून पोहे बांधून. जास्तीचा डबा भरेन.